सिग्नल तोडला, आता कुठल्या कोर्टात जाऊ?

एका तालुक्याच्या गावी गेली अठरा वर्षं केबलचा धंदा करणाऱ्या वाचकाचं पत्र आलंय. नाव-गाव काढलंय, मजकूर थोडक्यात असा. यांचे ३४० बॉक्स चालू, सिग्नल जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका एमएसओचा, म्हणजे चॅनलवाल्यांकडून सिग्नल घेऊन गावोगावच्या केबलवाल्यांना पुरवणाऱ्या कंपनीचा. मागच्या शनिवारी संध्याकाळी सगळे बॉक्स एकदम बंद. एमएसओ म्हणतो १ लाख ८६ हजार थकलेत. यांचं म्हणणं त्यातले ६० हजार तरी चुकीचे लावलेत, कारण गिऱ्हाईकांनी सोडलेले बॉक्स बंद करा म्हणून सांगूनही त्यांचं बिल चढतच राहिलं. नोटीस म्हणाल तर दोन दिवस आधी एरिया मॅनेजरचा व्हॉट्सॲप, 'पेमेंट करा नायतर लाईन बंद'. गावातले वकील म्हणतात दिवाणी कोर्टातून मनाई हुकूम आणू. पुतण्या म्हणतो ग्राहक मंचात जाऊ, तिथे खर्च नाही. दुसऱ्या एका एमएसओचा माणूस नवे बॉक्स घेऊन दारात उभा आहे. धंद्यातला एक मित्र सुचवतो की तोवर डीटीएचचे चार बॉक्स लावून लाईनवर चालव. शिवाय करार करताना एमएसओने सही केलेले दोन कोरे चेक ठेवून घेतलेत. 'मोठे केबलवाले २०२३ मध्ये हायकोर्टात गेले होते, मग मला का जाता येऊ नये? मी महिन्याला पैसे मोजणारा ग्राहक आहे, मला न्याय कुठे मिळेल?' असं ते विचारतात.

दादा, तुमचं शेवटचं वाक्य आधी घेते कारण सगळा घोळ तिथेच आहे. तुम्ही ग्राहक नाही आहात. पैसे मोजता हे खरं, पण सिग्नल घेऊन पुढे ३४० घरांना विकता, त्यामुळे कायद्याच्या नजरेत तुम्ही आणि तुमचा एमएसओ दोघेही सर्व्हिस प्रोव्हायडर. ग्राहक म्हणजे ती ३४० घरं. हे ऐकून वाईट वाटेल पण एक लक्षात घ्या, ज्या ग्राहक आयोगात पुतण्या तुम्हाला न्यायला निघालाय तिथे उद्या तुमचं एखादं गिऱ्हाईक तुमच्याच विरुद्ध उभं राहू शकतं, की महिन्याचे पैसे घेतले आणि टीव्ही बंद. तुम्ही तिथे गेलात तर समोरचा वकील पहिल्याच तारखेला सांगणार की हा व्यापारी व्यवहार आहे, आणि तो बरोबर असेल.

आता वकीलसाहेबांचं. त्यांना नावं ठेवू नका, कुणी कुणाचं काही बंद केलं की दिवाणी वकिलाचा हात आपोआप मनाईच्या अर्जाकडेच जातो आणि नव्वद टक्के भांडणांत तो बरोबरही असतो. फक्त केबलच्या बाबतीत रस्ता वेगळा आहे. १९९७ चा ट्राय कायदा आहे (ट्राय म्हणजे टेलिकॉम आणि टीव्हीचे नियम बनवणारी सरकारी संस्था), त्यात २००० साली दुरुस्ती होऊन टीडीसॅट हे अशा वादांसाठीचं दिल्लीतलं न्यायाधिकरण आलं, आणि ९ जानेवारी २००४ च्या अधिसूचनेने केबल आणि ब्रॉडकास्टिंग त्या कायद्याखाली आणलं. तेव्हापासून दोन सर्व्हिस प्रोव्हायडरमधला वाद कलम १४ प्रमाणे टीडीसॅटकडे जातो आणि कलम १५ म्हणतं की जे टीडीसॅटचं काम आहे त्यात दिवाणी कोर्टाने हात घालायचा नाही, मनाई सुद्धा द्यायची नाही. म्हणजे समजा तुमच्या तालुक्याच्या कोर्टाने पहिल्या दिवशी एकतर्फी मनाई दिली तरी एमएसओचा वकील अधिकारक्षेत्राचा अर्ज टाकणार, त्यावर म्हणणं, मग युक्तिवाद, मग दावा परत नाहीतर फेटाळला, आणि तेवढ्या दिवसांत तुमची निम्मी घरं डीटीएचवर गेलेली असणार. दावा अजून टाकला नसेल तर टाकू नका. टाकला असेल तर वकिलांना सांगा की योग्य ठिकाणी जाण्याची मोकळीक मागून काढून घ्या, नुसता सोडून देऊ नका.

तुमच्या करारात बहुतेक लवाद नेमण्याचं कलम असेल, आणि 'वाद झाल्यास अमुक शहरातल्याच कोर्टात' असंही लिहिलेलं असेल. त्याला घाबरून थांबू नका. कायद्याने जे काम टीडीसॅटला दिलंय ते खाजगी करारातल्या ओळीने काढून घेता येत नाही, टीडीसॅट अशी कलमं बघून दार लावून घेत नाही.

आणि हायकोर्टाचं. फेब्रुवारी २०२३ मध्ये नव्या दरांच्या करारांवर सही न करणाऱ्या मोठ्या केबल कंपन्यांचे सिग्नल बड्या ब्रॉडकास्टर्सनी तोडले होते आणि त्या कंपन्यांची संघटना केरळ हायकोर्टात गेली होती, तुम्हाला आठवतंय ते हेच. पण त्यांचं भांडण ट्रायच्या नियमांशीच होतं, नियम चुकीचा आहे असं त्यांना म्हणायचं होतं. नियम वैध की अवैध हे टीडीसॅट ठरवू शकत नाही असं सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०१३ मध्ये बीएसएनएल विरुद्ध ट्राय या प्रकरणात सांगितलंय, म्हणून ती मंडळी हायकोर्टात. तुमचं उलट आहे. तुम्हाला म्हणायचंय की नियम चांगला आहे, एमएसओने तो पाळला नाही. तुम्ही रिट घेऊन गेलात तर हायकोर्ट बहुधा एवढंच म्हणेल की पर्यायी मार्ग आहे, तिकडे जा.

ट्रायकडे तक्रार पाठवून वाट बघणारेही खूप आहेत म्हणून सांगते, ट्राय नियम बनवतं, एकेकट्याचं भांडण सोडवत नाही. पत्र पाठवायचं तर पाठवा, पण ते दिवस मोजणीत धरू नका.

आता तुमच्या हातातलं खरं पान. ट्रायचे २०१७ चे इंटरकनेक्शन रेग्युलेशन्स, म्हणजे सिग्नल देण्याघेण्याचे नियम आहेत, मार्च २०१७ चे, डिजिटल म्हणजे बॉक्सवाल्या सिस्टीमसाठी. त्यातला १७ वा नियम सांगतो की एका सर्व्हिस प्रोव्हायडरने दुसऱ्याचा सिग्नल तोडायच्या आधी कमीत कमी तीन आठवड्यांची नोटीस द्यायची, कारण स्पष्ट लिहून. आणि ते तीन आठवडे नोटीस पाठवली त्या दिवसापासून नाही तर तुम्हाला मिळाली त्या दिवसापासून मोजायचे. शिवाय प्रेक्षकांना तोडण्याच्या तारखेची माहिती स्क्रीनवर पट्टी फिरवून आधीच द्यायची, ती जबाबदारी वेगळी. तुमच्या एरिया मॅनेजरच्या व्हॉट्सॲपमध्ये रक्कम नाही, कुठल्या महिन्याची बाकी ते नाही, तारीख नाही, आणि मुदत दोन दिवसांची. माझ्या मते ही नोटीस नव्हे, धमकी आहे. मेसेज डिलीट करू नका, स्क्रीनशॉट काढा ज्यात नंबर, तारीख, वेळ दिसेल, आणि फोन बदलू नका.

पण थांबा. 'नोटीस आलीच नाही' हे म्हणायच्या आधी करार काढून बघा त्यात तुमचा पत्ता आणि ईमेल काय लिहिलाय. अनेक ऑपरेटरांच्या करारात ईमेल डिस्ट्रिब्युटरच्या पोराने त्याच्या मनाने बनवून टाकलेला असतो, ज्याचा पासवर्ड कुणालाच माहीत नाही, आणि एमएसओ बिनधास्त म्हणतो आम्ही रजिस्टर्ड ईमेलवर महिन्यापूर्वी नोटीस पाठवली. स्पॅम फोल्डर बघा, एमएसओच्या केबलवाल्यांसाठीच्या (एलसीओ) पोर्टलवर लॉगिन करून मेसेज बघा, घरी बायको-पोरांना विचारा कुणी रजिस्टर पाकीट सही करून घेतलं का आणि टीव्हीमागे ठेवून दिलं का. नोटीस निघाली तर केस संपत नाही, पण ती वेगळी केस होते आणि तुमच्या वकिलाला हे दिल्लीत समोरच्याच्या तोंडून कळायला नको.

करार बाहेर काढलाच आहात तर शेवटची तारीखही बघा. लेखी कराराशिवाय सिग्नल द्यायचाच नाही असं नियम सांगतो, आणि इथे वर्षानुवर्षं संपलेल्या करारावर धंदे चालू असतात कारण दोघांनाही ते सोयीचं असतं. करार संपला असेल तर एमएसओ म्हणणार की आम्ही तोडलं नाही, मुदतच संपली. तुमचं उत्तर मग हे की त्यानंतरही दर महिन्याला बिल लावलंत, पैसे घेतलेत, बॉक्स चालू ठेवलेत, मग अचानक एका शनिवारी मुदत कशी आठवली. हे उत्तर चांगलं आहे पण तयार ठेवावं लागतं, बिलं लावून. केबल ऑपरेटर म्हणून नोंदणीचा कागदही बघा, पूर्वी तो हेड पोस्ट ऑफिसात दर वर्षी नवा करावा लागायचा, जानेवारी २०२५ पासून ते काम ऑनलाईन झालंय आणि नोंदणी पाच वर्षांची मिळते. नोंदणीच संपलेली असेल तर न्याय मागायला गेलेला माणूसच बेकायदा ठरायचा.

आता जिथे तुम्हाला माझा राग येईल तिथे येते. पत्रभर तुम्ही लिहिलंय की विनाकारण बंद केलं. आणि त्याच पत्रात लिहिलंय की १ लाख ८६ हजारातले ६० हजार चुकीचे. मग उरलेले १ लाख २६ हजार? ते तर तुम्ही स्वतःच मान्य करताय ना. टीडीसॅटमध्ये पहिला प्रश्न हाच विचारला जाणार की बाबा, वादाची रक्कम बाजूला ठेवू, जी तुला मान्य आहे ती का नाही दिलीस? याचं उत्तर 'वसुली आली नाही' हे नाही, कारण गिऱ्हाईकाकडून घेतलेल्या पैशात एमएसओचा वाटा असतो आणि तो वाटा तुमचा कधीच नव्हता. मला माहितीये प्रत्यक्षात कसं होतं, पावसाळ्यात वसुली रखडते, एखादा ॲम्प्लिफायर जळतो, पोरांचे पगार असतात, आणि एमएसओचं पेमेंट पुढच्या महिन्यावर जातं, मग त्याच्याही पुढच्या. पण अशा प्रकरणात टीडीसॅटचा साधारण कल असा राहिलाय की ऑपरेटरने मान्य रक्कम किंवा तिचा मोठा हिस्सा भरावा, एमएसओने सिग्नल चालू करावा, आणि मग दोघांनी समोरासमोर बसून हिशोब जुळवावा. म्हणजे सिग्नल लवकर परत आणायचा रस्ता तुमच्या हिशोबाच्या वहीतून जातो, नियम १७ ने फक्त दार उघडतं.

तर हिशोब कसा मांडायचा ते जरा नीट सांगते, बाकी कुठे घाई केली तरी चालेल. पोर्टलवरून बॉक्सवार रिपोर्ट डाऊनलोड करा, एमएसओने तुमचं लॉगिन बंद करायच्या आधी, म्हणजे आजच. बंद करायला सांगितलेल्या प्रत्येक बॉक्सची एक ओळ करा, बॉक्सचा नंबर, गिऱ्हाईकाने कधी सोडलं, तुम्ही बंद करायला कधी आणि कसं कळवलं, प्रत्यक्षात कधी बंद झाला, मधल्या काळात किती बिल लागलं. 'कसं कळवलं' हा रकाना सगळ्यात महत्त्वाचा आणि बहुतेकांचा तोच रिकामा असतो. फोनवर सांगितलेलं असेल तर ते जवळजवळ नसल्यासारखं आहे. व्हॉट्सॲप असेल तर चांगलं, पोर्टलवरची रिक्वेस्ट असेल तर उत्तम. हे केल्यावर ६० हजाराचे कदाचित ४२ हजारच निघतील, निघू दे, पण ते ४२ हजार मग कुणी हलवू शकणार नाही. 'अंदाजे साठ' घेऊन गेलात तर तीसवर तोडपाणी होईल. महिन्याची जीएसटी बिलं आणि तुमच्या बँकेचं स्टेटमेंट शेजारी ठेवून प्रत्येक पेमेंट एमएसओच्या लेजरमध्ये जमा झालंय का ते टिक करा. एरिया मॅनेजरला रोख दिलेले आणि 'पावती नंतर पाठवतो' म्हणालेले पैसे असतील, असतातच, ते वेगळ्या कागदावर लिहा आणि त्या दिवशीचे त्याचे मेसेज शोधा.

लेजरमध्ये तीन वर्षांहून जुनी बाकी दिसली तर ती वकिलाला दाखवा कारण तिथे वसुलीसाठी दाद मागण्याच्या कायदेशीर मुदतीचा मुद्दा येतो. आणि याच कारणासाठी, एमएसओचा माणूस आला आणि म्हणाला की या 'बॅलन्स कन्फर्मेशन'वर सही करा, लगेच लाईन चालू करतो, तर सही करू नका. मुदत संपायच्या आत बाकी लेखी मान्य केली की मुदत पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, आणि तुमचे साठ हजारही त्या सहीत मान्य होऊन जातात. त्यापेक्षा तुम्हीच पत्र द्या की आमच्या हिशोबाने एवढी रक्कम निघते, ती आरटीजीएस केली आहे किंवा अमुक दिवसात करतो, बाकीच्या रकमेवर आमचा आक्षेप आहे, यादी सोबत जोडली आहे, सिग्नल ताबडतोब चालू करावा. ईमेल करा आणि रजिस्टर पोस्टानेही पाठवा, पोच जपून ठेवा. रक्कम एकदम नसेल तर जेवढी आहे तेवढी आधी भरा. या एका पत्राने प्रकरण मिटल्याचीही उदाहरणं आहेत, कारण एमएसओलाही ३४० बॉक्स बंद ठेवून रोज नुकसानच होतंय, आणि त्याच्या ऑफिसातल्या कायदेवाल्याला नियम १७ चांगला माहीत असतो. एरिया मॅनेजरला नसतो.

पत्राने काम झालं नाही तर टीडीसॅट. दिल्ली म्हटल्यावर तुमच्या पोटात गोळा आला असणार, पत्रात तसं लिहिलेलं नाही पण वकिलाच्या सल्ल्याकडे तुमचा ओढा त्यामुळेच आहे असं मला वाटतं. अर्ज ऑनलाईन दाखल होतो, सुनावण्या व्हिडिओवरही होतात. ट्राय कायद्याचं कलम १७ म्हणतं की तुम्ही स्वतः उभे राहू शकता, किंवा वकील, सीए, कंपनी सेक्रेटरी, कॉस्ट अकाऊंटंट यांच्यापैकी कुणाला अधिकार देऊ शकता. मी म्हणेन स्वतः उभं राहायचा हट्ट नको, या कामाची सवय असलेला वकील बघा, आणि तुमच्या जिल्ह्याच्या ऑपरेटर संघटनेत विचारलंत तर आधी गेलेला कुणीतरी सापडेलच. फी आधी ठरवून घ्या, तारखेवर की पूर्ण कामाची. न्यायाधिकरणाने शक्यतो ९० दिवसांत निकाल द्यावा असं कायदा सांगतो, ते 'शक्यतो' आहे हे धरून चाला, पण तुम्हाला घाई अंतरिम आदेशाची आहे आणि तो अर्ज मूळ अर्जासोबतच जातो. टीडीसॅटचं स्वतःचं मध्यस्थी केंद्रही आहे, आणि हिशोबाच्या भांडणाला मध्यस्थी फार लागू पडते कारण तिथे शेवटी दोन लेजरच शेजारी ठेवायचे असतात.

मागण्या चार घाला. सिग्नल पूर्ववत करावा, तोडणं बेकायदा होतं असं जाहीर करावं, हिशोब जुळवून द्यावा, आणि नुकसानभरपाई. चौथीवर फार आशा ठेवू नका, नुकसान सिद्ध करावं लागतं. तरी घाला, आणि आजपासून एक वही करा की कुठलं घर कधी डीटीएचवर गेलं आणि कुणाला किती पैसे परत केले. आदेश मिळाल्यावरही एमएसओने मुद्दाम पाळला नाही तर कायद्यात दंड आहे, पहिल्या वेळी १ लाखापर्यंत, पुन्हा केलं तर २ लाखांपर्यंत आणि चालूच ठेवलं तर दिवसाला २ लाखांपर्यंतही. अंतिम निकालाविरुद्ध अपील फक्त सुप्रीम कोर्टात, ९० दिवसांत, तेही कायद्याच्या मोठ्या प्रश्नावर, आणि अंतरिम आदेशाविरुद्ध तर या कायद्याखाली अपीलच नाही. हे दोन्ही बाजूंनी कापतं हे लक्षात घ्या, अंतरिम आदेशात जी रक्कम भरायला सांगतील ती भरावीच लागेल.

दुसरा एमएसओ. त्याचे बॉक्स फुकट आहेत म्हणून पत्रात तुम्ही दोनदा लिहिलंय. एमएसओ बदलायला माझा विरोध नाही, अठरा वर्षांच्या माणसाला अशी वागणूक मिळत असेल तर बदलावाच. पण तीन आठवड्यांची नोटीस देण्याचा जो नियम तुम्ही त्याच्याविरुद्ध दाखवणार तोच तुम्हालाही लागू आहे. आज नोटीस न देता, बाकी न भरता, जुने बॉक्स न परत करता नवीन लाईन घेतलीत तर टीडीसॅटमध्ये तुम्ही जाल खरे, पण वसुलीच्या अर्जात प्रतिवादी म्हणून. बॉक्स तुमच्या मालकीचे की एमएसओचे हे करारात आणि बिलात बघा, एमएसओचे असतील तर प्रत्येक बॉक्स मोजून, नंबर लिहून, पोच घेऊन परत करा, पोच न घेता टेम्पोत भरून पाठवलेले बॉक्स नंतर कधीच सापडत नाहीत. आणि बदलायचंच तर आधी हा हिशोब संपवा, ना हरकत पत्र घ्या, मग जा. नवीन एमएसओ खरंच चांगला असेल तर तीन आठवडे थांबेल. नाही थांबत म्हणाला तर तो उद्या तुमच्याशी कसा वागेल ते आजच कळलं म्हणायचं.

डीटीएचचे चार बॉक्स लाईनवर टाकायचा सल्ला देणाऱ्या मित्राला चहा पाजा आणि घरी पाठवा. डीटीएचचं कनेक्शन एका घरापुरतं असतं, ते तारेवर टाकून वाटणं म्हणजे सरळ चोरी. कंपन्यांची माणसं गावोगाव हेच शोधत फिरतात, कॉपीराईटचा गुन्हा दाखल होतो आणि मशिनरी जप्त होते. आज तुम्ही ज्याच्यावर अन्याय झाला तो माणूस आहात, चार दिवसांच्या सिरियलींसाठी ती जागा घालवू नका.

पोलीस ठाण्यात जायचं की नाही? एमएसओने त्याच्या हेडएंडवरून, म्हणजे सिग्नल जिथून सुटतो तिथूनच बॉक्स बंद केलेत, तर पोलीस म्हणणार दिवाणी बाब आहे, आणि खरंच आहे. पण कुणी तुमची फायबर कापली, खांबावरचा तुमच्या पैशाचा नोड उचलून नेला, तर ती वेगळी गोष्ट, तिथे फोटो काढून लगेच तक्रार द्या.

कोऱ्या चेकचं असं, की आजच्या पत्रातच एक परिच्छेद टाका, अमुक नंबरचे दोन चेक कराराच्या वेळी तारण म्हणून दिलेले आहेत, हिशोब वादात असल्याने ते वटवू नयेत. यामुळे चेक बाऊन्सची केस होतच नाही असं नाही, पण झाली तर तुमचं म्हणणं आधीपासून कागदावर असेल. चेक परत गेला तर एमएसओला ३० दिवसांत नोटीस द्यावी लागते आणि ती मिळाल्यापासून तुम्हाला १५ दिवस असतात. त्या पंधरा दिवसांत गप्प बसू नका, उत्तर द्याच.

तुमच्या ३४० घरांचं काय करायचं ते तुम्ही विचारलं नाहीत, पण या सगळ्यात तेच सगळ्यात आधी करायला हवं होतं. ग्रुपवर साधा मेसेज टाका, एमएसओशी हिशोबाचा वाद आहे, प्रयत्न चालू आहेत, जितके दिवस बंद तितक्या दिवसांचे पैसे पुढच्या महिन्यात वळते करू. एमएसओला शिव्या घालू नका, तो स्क्रीनशॉट दिल्लीत दिसतो. फोन उचला. फोन न उचलणाऱ्या केबलवाल्याचं गिऱ्हाईक डीटीएचवर जातं, उचलणाऱ्याचं थांबतं, निदान काही दिवस.

आणि हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी, ज्यांचा धंदा नाही, फक्त घरचा टीव्ही बंद पडलाय. तुमची गोष्ट पूर्ण वेगळी आहे, पुतण्याने सुचवलेला रस्ता तुमच्यासाठी आहे. आधी केबल कंपनीच्या कस्टमर केअरला तक्रार करून नंबर घ्या, लोकल केबलवाल्याला तोंडी सांगितलेलं पुरत नाही. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन, १९१५. तिथेही नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग, तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात करता येतं, दोन वर्षांच्या आत, ५ लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या प्रकरणाला फी नाही, वकील सक्तीचा नाही, ऑनलाईन दाखल होतं. कंपनी सांगेल की टीव्ही-टेलिकॉमच्या तक्रारी आयोगात चालत नाहीत, ते ऐकू नका. एकट्या ग्राहकाची तक्रार ट्राय कायद्यानेच ग्राहक आयोगासाठी मोकळी ठेवलीये, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका मोबाईल ग्राहकाच्या प्रकरणात हा अडथळा टेलिकॉमपुरताही काढून टाकला. तीनशे रुपयांसाठी आयोगात जावं का हे ज्याचं त्याने ठरवावं, मी हेल्पलाईनवर थांबले असते.

सोसायटीचं मात्र वेगळं. अख्ख्या बिल्डिंगची लाईन तोडली आणि सगळे मिळून भांडायचं असेल तर ग्राहकांचा गट म्हणून टीडीसॅटमध्येही जाता येतं, कलम १४ मध्ये तसं स्पष्ट आहे. फक्त जायच्या आधी मीटिंग घेऊन ठराव करा आणि एका माणसाला लेखी अधिकार द्या, नाहीतर तिथे पहिला अर्धा तास तुम्ही नक्की कुणाच्या वतीने आलात यावरच जातो.